पडद्याची मागची बाजू

एकोणिसाव्या वर्षी मी सिनेमातल्या देवांविरुद्ध एक पत्रक काढलं होतं. आमच्याकडे जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पडद्यावर देव प्रकट झाला की बायका उठून ओवाळायच्या, नारळ फोडायच्या, आणि त्या नारळाच्या पाण्याने पडद्याचं खालचं टोक कायम चिकट झालेलं असायचं. त्या पत्रकाचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'कापडाला हात जोडणाऱ्या समाजाला कापडच गुंडाळून ठेवतं.' हे वाक्य लिहून मी रात्रभर खूश होते. पुढे कॉलेजात मला दुसऱ्या प्रकारचे चित्रपट भेटले. त्यांत कुणी गात नव्हतं, कुणी प्रकट होत नव्हतं. कॅमेरा एखाद्या भिंतीकडे नुसता बघत राहायचा. मला वाटायचं, यांत देव नाही म्हणून हे खरे. त्या मुलीने आज मी जे लिहिणार आहे ते वाचलं असतं, तर हा कागद तिने फाडला असता. तिचा मला राग येत नाही. पण जे घडलं ते घडलं, आणि घडलेलं जसंच्या तसं छापायचं हे मला घरातच शिकवलेलं आहे.

माझे वडील, म्हणजे आबा, बीडच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बांधायची, आणि ती ओळ नेहमी उलटी, आरशातल्यासारखी. मी अक्षरं शाळेत शिकले नाही. मी ती आबांच्या मांडीवर बसून, उलट्या खिळ्यांवरून शिकले. त्यामुळे पहिलीत मी 'क' उलटा काढायची आणि बाईंचा मार खायची. आजही आरशात धरलेलं वर्तमानपत्र मी न अडखळता वाचते. आबांनी आयुष्यभर पत्रकं छापली. ऊसतोडीच्या टोळ्यांची, सहकाराची, अंधश्रद्धेविरुद्धची. देवळात ते कधी गेले नाहीत, आणि जाणाऱ्याला हसलेही नाहीत. हसायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं.

मग आबा विसरू लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. मी याच्याशी भांडायचं ठरवलं. कपाटावर, दारावर, माठावर मी चिठ्ठ्या चिकटवल्या. रोज सकाळी चहा देताना विचारायची, "आबा, मी कोण?" ते माझं नाव सांगायचे आणि मी जिंकायची. कधीकधी ते माझ्याकडे बघत राहायचे, पेपर अवघड आलेल्या मुलासारखे, आणि मग कसनुसं हसायचे. तेव्हा मी पुन्हा विचारायची. तिसऱ्यांदाही विचारायची. त्यांची नजर कपावर खिळायची, ते मला दिसत होतं, तरी विचारायची. मला ते औषध वाटत होतं.

त्या साली सलग दुसऱ्यांदा पाऊस गेला होता. आमच्या गावाच्या सोसायटीने तलावाच्या काठावर चारा छावणी उघडली. छावणी म्हणजे जनावरांबरोबर माणसांचाही मुक्काम. दावणीला म्हशी, बैल, आणि त्यांच्या उशाशी ताडपत्रीखाली घरदार. मी तिथे नोंदीचं काम बघायची आणि आबांना सोबत ठेवायची, कारण घरी त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. तलाव कोरडा ठाक पडला होता. त्याच्या पोटातून आमचं जुनं गाव वर आलं होतं. आबांच्या तरुणपणी, एका मोठ्या दुष्काळात, हा तलाव खोदला गेला आणि गाव उठून काठावर आलं. आता चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी जोती, उंबरे, महादेवाचं बिनकळसाचं देऊळ आणि एका चिंचेचं काळं खोड उन्हात उघडं पडलं होतं. म्हातारी माणसं संध्याकाळी काठावर बसून बोटांनी आपापली घरं दाखवायची. रिकाम्या गाळाकडे बोट करून "हितं आमची चूल" म्हणणारी माणसं बघताना अंगावर काटा यायचा.

सोसायटीचं गोदाम छावणीला लागूनच होतं. खत नाही, बियाणं नाही, त्यामुळे ते रिकामं होतं. खिडक्यांना तरटं ठोकली की भर दुपारी आत काळोख व्हायचा. जनावरं रवंथ करत बसलेली, माणसांना काम नाही, म्हणून आठवड्यातून एकदा आम्ही तिथे दुपारचा सिनेमा लावायचो. कापड गोदामाच्या मधोमध टांगलेलं. पुढच्या दाराने पुरुष येत आणि प्रोजेक्टरच्या बाजूला बसत. मागच्या दाराने बायका येत आणि कापडाच्या पलीकडे बसत. तंबूच्या काळापासूनची रीत. मागून सगळं उलटं दिसतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. शिवाय प्रोजेक्टरचा पांढरा ठिपका कापडातून थेट डोळ्यांत येतो. या रीतीविरुद्धही मी भांडले होते. "बायकांनी उलटा सिनेमा कावून बघायचा?" असं मी सोसायटीच्या चेअरमनमामांना भर सभेत विचारलं होतं. ते म्हणाले, "बस की मग म्होरं, तुला कुणी धरलंय?" आणि मी पुढे, पुरुषांत, एकटी बसायची. बायका मात्र मागेच बसल्या. छावणीत म्हैस घेऊन आलेली कौसामावशी म्हणाली होती, "आमाला हिकडं बरं हाय माय. हिकडं पाय पसरता येत्यात."

मे महिन्यातल्या एका दुपारी आबा छावणीतून नाहीसे झाले. मी चाऱ्याच्या ट्रकजवळ वजन लिहीत होते. परत आले तर बाजेवर त्यांचा टॉवेल होता, ते नव्हते. पाण्याची बाटली नव्हती. त्या उन्हात जनावरं जिभा काढत होती, आणि माझा सत्तरी ओलांडलेला बाप कुठेतरी चालत होता, आपण कुठे चाललोय हे न कळता.

आम्ही शोधायला लागलो. आमच्याकडे माणूस हरवला की पहिल्यांदा विहिरी बघतात. हे कुणी बोलत नाही, पण सगळे आधी विहिरींकडेच जातात. कोरड्या, बिनकठड्याच्या सगळ्या विहिरी बघून झाल्या. नांदूरघाटला आत्याकडे फोन केला, एक जण मोटारसायकलवर लिंबागणेशपर्यंत जाऊन आला, बीडच्या स्टँडवर ओळखीच्या रिक्षावाल्यांना फोटो पाठवला. जुन्या गावात दोनदा माणसं उतरली. घरांच्या जोत्यांतून, देवळातून, चिंचेच्या खोडापर्यंत हाका मारून आली. देवळाच्या पलीकडच्या अंगाला नुसता सपाट गाळ होता. माणूस असता तर काठावरूनच दिसला असता, म्हणून तिकडे कुणी पाऊल टाकलं नाही. रात्र गेली. सकाळ झाली. मी प्रार्थना केली नाही, कारण मला ती येत नव्हती. मी फक्त मनात पुन्हा पुन्हा यादी करत होते, कुठे बघून झालं आणि कुठे राहिलं. आणि यादी संपली होती.

त्या दुपारी सिनेमा ठरलेला होता. पुण्याच्या दोघांनी आदल्या उन्हाळ्यात आमच्याच तलावावर तो चित्रित केला होता, तलावात तेव्हा घोट्याएवढं पाणी उरलेलं असताना. आजूबाजूच्या चार गावांची माणसं आपला तलाव पडद्यावर बघायला येणार होती. चेअरमनमामा म्हणाले, "रद्द करू." मीच नको म्हटलं. एवढी माणसं एका ठिकाणी परत मिळणार नव्हती. आधी आबांचा फोटो पडद्यावर दाखवायचा, कुणी पाहिलंय का विचारायचं, मग सिनेमा. आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा मागच्या दाराने आत गेले. पुरुषांच्या नजरा झेलायचं बळ नव्हतं. बायकांत जाऊन, कौसामावशीच्या शेजारी, जमिनीवर बसले. तिने मला लुगड्याच्या पदराने वारा घातला.

आबांचा फोटो कापडावर आला. गोदामाच्या भिंतीएवढा. मी मागून बघत होते, त्यामुळे भांग उजवीकडे गेला होता, गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर. खिळे मला उलटे कधी वाटले नाहीत, पण माझा बाप मला वाटला. तो माणूस आबांसारखा होता पण आबा नव्हता, आणि त्याच्या भुवईच्या मधोमध प्रोजेक्टरचा पांढरा ठिपका जळत होता. पलीकडे सतरंजीवर एकदम सळसळ झाली, आणि मग कापडाच्या त्या बाजूला पूर्ण शांतता. मला कळेना. मग चेअरमनमामांचा घसा साफ केल्याचा आवाज आला, आणि ते सभेच्या सुरात म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आपण सगळ्यांनी…"

आमच्याकडे एवढा मोठा फोटो दोनच वेळा लागतो. वाढदिवसाला आणि भावपूर्ण श्रद्धांजलीला. आबांचा वाढदिवस तर नव्हता. चार गावांची माणसं सवयीने उठून, माना खाली घालून उभी राहिली होती, आणि त्यांना बघून चेअरमनमामांची जीभही सवयीने वळली होती. माझ्या मागे एका बाईने हुंदका काढला, तिचं ऐकून दुसरीने. लहानपणापासून ओळखीची गळ्यातली ती लय सुरू झाली, मेलेल्या माणसाचे गुण गाणारी.

मी ओरडले, "मेले नाहीत ते! बसा खाली!"

पलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आरं, ती म्हागं हाय. बस बे, बस." आणि दुसरा, "मग उठवलं कावून आमाला?" दोघेतिघे हसले. हसू लगेच विझलं. फोटो गेला. चेअरमनमामांनी चुकीची माफी मागितली, आबांचा पेहराव सांगितला, पाहिलंय का विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. पण त्या दोन मिनिटांत माझ्या आत काहीतरी खचलं. मी दिवसभर जो शब्द मनात येऊ देत नव्हते, तो चार गावांनी उभं राहून मान्य केला होता.

सिनेमा सुरू झाला. नावं उलटी आली. पुढ्यातल्या दोघी हसून म्हणाल्या की आम्हाला सुलटंही वाचता येत नाही, उलटंही येत नाही. मी ती नावं सवयीने सरळ वाचली. वाचतेय हे मला कळलंही नाही. मग कॅमेरा काठावर येऊन थांबला. समोर तलाव, मधोमध देऊळ, एका बाजूला चिंचेचं खोड. संवाद नाही, संगीत नाही. फक्त वारा, आणि लांबून एका बैलाची घंटा. हे दृश्य खूप लांब होतं हे मला माहीत होतं. पुण्याच्या दोघांना मीच सांगितलं होतं की इथे माणसं उठून जातील. कुणी उठलं नाही. बायका बघत राहिल्या. आधी कुजबुजल्या, "त्ये आमचं घर," "त्ये येसुबाईचं," आणि मग तेही थांबलं. एकीने नकळत डोक्यावर पदर घेतला. मग दुसरीने. पडद्यावर देव नव्हता, काहीच होत नव्हतं, आणि त्या सगळ्या डोक्यावर पदर घेऊन गाभाऱ्यासमोर बसावं तशा बसल्या होत्या. मीही बघत राहिले. यादी थांबली. मी काही शोधत नव्हते, काही मागत नव्हते. थकून गेलेली नजर जिथे पडली होती तिथेच राहिली.

तेव्हा कौसामावशी माझ्या कानाशी म्हणाली, "त्यो बघ की तुजा बा. चिंचंच्या खोडापशी बसलाय. पानी घिऊन जा, लई तहान लागली आसंल त्येला."

अगदी साधा आवाज. दूध आणायला सांगावं तसा. मी पडद्याकडे पाहिलं. जे दिसलं ते एवढंच लिहिते: खोडाच्या बुडाशी एक काळा ठिपका होता, आणि तो हलला. ती कापडावर बसलेली माशी असू शकेल. मी विचार केला नाही. कौसामावशीच्याच हातातला तांब्या घेतला आणि मागच्या दाराने पळाले.

ऊन डोळ्यांत मारत होतं. छावणीत माणूस नव्हतं, सगळी जनावरं एकाच दिशेला तोंड करून बसलेली. काठावरून उतरले. समोर देऊळ. पडद्यावर खोड देवळाच्या डाव्या हाताला होतं, म्हणून मी डावीकडे पळाले. भेगाळलेला गाळ पायाखाली कौलांसारखा मोडत होता. देऊळ ओलांडलं, पुढे गेले, आणि थांबले. खोड नव्हतं. काहीच नव्हतं. सपाट, राखी, रिकामं. मागे वळून पाहिलं तर चिंचेचं खोड देवळाच्या दुसऱ्या बाजूला, काठावरून बघितलं तर उजवीकडे, जिथे ते कायम होतं आणि जिथे कालपासून दोनदा बघून झालं होतं. मी कापडाच्या मागून पाहिलं होतं. तिथे बसलेल्या कुठल्याही बाईने हे आपोआप फिरवून घेतलं असतं. त्या जन्मभर मागून बघत आल्या होत्या. पण मी खिळ्यांवर शिकलेली. आबांचा चेहरा सोडला तर उलटं मला उलटं दिसतच नाही.

तांब्यातलं अर्धं पाणी सांडलं होतं. मी त्या रानात उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, मोठ्याने, कुणाला ते ठाऊक नाही, "आता माझ्याच्याने होत नाही." आणि खोडाकडे जायला वळले. वळताना खाली, वीसेक पावलांवर, गाळाच्या एका उतरत्या खळग्यात आबांच्या चपला दिसल्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या, टाचा माझ्याकडे. आजूबाजूला माणूस नाही, सावली नाही. नुसत्या चपला. मला त्या क्षणी आनंद झाला नाही. भीती वाटली. कुणीतरी जमिनीत शिरून गेल्यासारख्या त्या होत्या.

जवळ गेले तेव्हा कळलं. खळग्याच्या कडेला जमीन आत ढासळून माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं होतं. खाली पेव होतं. जुन्या काळी ज्वारी साठवायला जमिनीत खोल, रांजणासारखे खड्डे खणत, त्याला आमच्याकडे पेव म्हणतात. आबा सांगायचे, आमच्या सोसायटीची सुरुवात कर्जापासून नाही, एका पेवापासून झाली. दुष्काळात प्रत्येक घराने पायलीभर ज्वारी आणून एका सामाईक पेवात टाकली, आणि आबांनी त्याचं पत्रक छापलं. ते पेव कुठे होतं हे मी कधी विचारलं नव्हतं. मला पत्रकात रस होता. पेवात लक्ष्मी असते, तिथे कुणी चपला घालून उतरत नाही. देवळाची पायरी न चढलेले आबासुद्धा नाही. आणि वर्षानुवर्षं बंद पेवात माणूस उतरला तर आतल्या हवेने मरतो, म्हणून आधी दिवा सोडतात, हेही मला आठवलं. मी भगदाडात तोंड घालून हाक मारली. उत्तर आलं नाही. मी चपला काढल्या आणि ढासळलेल्या मातीच्या उतारावरून खाली उतरले.

हवा थंड होती, मातीचा आणि सुकलेल्या गाळाचा वास होता, पण श्वास घेता येत होता. ढासळलेल्या बाजूने वारा आत येत असणार. त्या पेवाची भिंत फुटून शेजारचं दुसरं पेव लागलं होतं. तिथे अंधार होता आणि त्या अंधारात आबा बसले होते. मांडी घालून, हात मांडीवर, समोर बघत. ओठ फुटलेले. बाटली रिकामी. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ओळख न लागलेल्या बाईला करतात तशी अदबीने थोडी जागा केली.

"बसा ताई," ते म्हणाले. "जागा हाय. चालूच हाय आजून."

या पेवाच्या तोंडावर फरशी होती आणि फरशीला एक बारीक चीर. त्या चिरेतून उजेड येऊन समोरच्या जमिनीवर पडला होता. भाकरीएवढा फिकट निळा डाग, त्यात एका कडेला सूर्याचं झळझळतं नाणं. त्या निळ्यातून एक पांढरा ढग चालला होता. पापणीएवढा. वर तो ज्या दिशेला जात असेल, त्याच्या उलट्या दिशेला. त्याच्या मागून एक घार आली, फिरली, गेली. मला हे माहीत होतं: अंधारात बारीक फटीतून आलेला उजेड बाहेरचं चित्र उलटं पाडतो. जोड्याच्या खोक्याला सुईने भोक पाडून मी हे शाळाशाळांतून मुलांना दाखवलं आहे, शेवटी 'यात चमत्कार नाही' असं त्यांच्याकडून म्हणवून घेतलं आहे. यात चमत्कार नव्हताच. माझा बाप एक दिवस आणि एक रात्र जमिनीच्या पोटात बसून आभाळ बघत होता, एवढंच.

मी त्यांच्या ओठांना तांब्या लावला. ते घोट घोट प्याले, पण नजर हलली नाही. "राती बंद झालतं," ते म्हणाले. "मला वाटलं, संपलं. जावं का न्हाई कळंना. मग सकाळी पुन्यांदा आलं. बघा ताई, बघा, पांढरं आलं."

माझ्या जिभेवर तो प्रश्न आला होता. 'आबा, मी कोण?' रोजचा. तो मी गिळला. वर जाऊन माणसांना हाक मारायला हवी होती, आणि मी लगेचच मारली. पण त्याआधी, किती ते सांगता येत नाही, एखादा ढग जाईपर्यंत, मी त्यांच्या शेजारी बसले आणि ते जे बघत होते ते बघितलं. ते मला ओळखत नव्हते, आणि त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं. मला त्या अंधारात कुणीतरी तिसरंही बसल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं नाही. भीती होती, पण तिच्यापासून पळावंसं वाटत नव्हतं. देवाविषयी मी जेवढं वाचलं आणि जेवढं खोडून काढलं, त्यात हे कुठे नव्हतं.

आबांना बाहेर काढलं. सलाइन लागलं, चार दिवसांत ते छावणीत परतले. आठ दिवसांनी मी तो चित्रपट एकटीने, पुढच्या बाजूने पाहिला. तो लांब प्रसंग मी थांबवून थांबवून तपासला. खोडापाशी काही नव्हतं. ना माणूस, ना ठिपका. कौसामावशीकडे गेले. ती म्हशीला पेंड कालवत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, हे मी रोज बघत होते आणि त्या दुपारी विसरले होते.

"मावशी, तुला आबा दिसले कसे?"

"मला कुठं काय दिसतंय, माय. उजेड हाय का अंधार, येवडंच कळतंय. मी आपली सिनेमाला आवाज ऐकाय येते."

"तूच म्हणालीस, चिंचेपाशी बसलाय. पाणी ने."

तिने पेंडीतला हात थांबवला. "म्हनले आसंन बाई," ती म्हणाली. "तोंडाला आलं आसंल. पर चिंचंपशी न्हवताच ना त्यो?"

"नव्हता."

"मग माझं चुकलंच की," असं म्हणून ती हसली आणि पुन्हा पेंड कालवायला लागली.

याच्यावर मी पत्रक लिहायला बसले होते. माशी, थकवा, योगायोग, म्हातारीच्या डोक्यातलं जुनं गाव, सगळं क्रमाने मांडलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. तरी ते छापलं नाही. मी ते वाचलं तेव्हा मला दिसलं की त्यातल्या प्रत्येक ओळीत मी कुणालातरी हरवत होते, आणि समोर कुणी लढायलाच नव्हतं. तिची चूक आणि माझी चूक एकमेकींवर बसल्या आणि माझा बाप वाचला. दोन्हींतली एकही माझ्या हुशारीतून आलेली नव्हती. एवढं मान्य करायला मला फार दिवस लागले.

आता मी चित्रपट मागच्या बाजूला बसून बघते. पडद्यावर मुकुट घातलेला देव येऊन टाळ्या घेवो, किंवा दहा मिनिटं कुणी नुसती भिंत दाखवो, मला त्या बायकांसारखं बघता यावं असं वाटतं. काही सिद्ध करायला न जाता, जागा करून देऊन. त्यांना मी शिकवायला गेले होते. त्यांची मी ऋणी आहे, आंधळ्या कौसामावशीची, भलत्याच वेळी उभ्या राहिलेल्या त्या चार गावांची, आणि ज्याचं नाव मला घेता येत नाही त्याचीही. चिठ्ठ्या मी काढून टाकल्या. आबांना आता काही विचारत नाही.

परवा बीडला त्यांना एक मोठा, गाण्यांचा, रडारडीचा सिनेमा दाखवायला नेलं. त्यातली आई देवळात घंटा वाजवत राहते आणि मुलगा परत येतो. आबा रडले, मीही रडले, लाज न वाटता. दिवे लागले, माणसं उठली. आबांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे काळजीने बघत विचारलं, "ताई, तुमच्या घरी कुनी वाट बघत आसंल ना?"

"आहे," मी म्हणाले.

"मग चला," ते म्हणाले. "मी येतो सोबतीला. दिवस बुडायला लागलाय, येकटं नका जाऊ." आणि त्यांनी माझा हात धरला.